साबण न लागलेला घाम

“...आणि मी मूर्ख आहे हे मला कुणी सांगायची गरज नाही, महासतीजी, येताना रिक्षातच कबूल करून टाकलंय. पण अर्पिताजी कालपासून जेवल्या का नाहीत, एवढं सांगाल?”

सुप्रभाजी महासतीजींनी मान वर केली नाही. त्या चादरीच्या फाटक्या कडेला टाके घालत होत्या.

“बस,” त्या म्हणाल्या.

डॉक्टर मृदुला गुगळे बसली. घोडनदीच्या जैन स्थानकात पंखा नव्हता. साध्वींना चालत नाही. आश्विनातलं ऊन पत्र्यावर तापून खाली उतरत होतं.

मृदुला पुण्याच्या एका प्रयोगशाळेत काम करायची. माणसाची कातडी प्रथिनाचा एक बारकासा तुकडा स्वतःच तयार करते आणि घामातून अंगभर पसरवते. तो जंतूंच्या आवरणाला भोकं पाडतो. औषधांना दाद न देणारे जंतूसुद्धा त्याच्यापुढे नांगी टाकतात. त्याचं मलम करून मधुमेहींच्या पायाच्या न भरणाऱ्या जखमांना लावायचं, हे तिचं काम होतं. बोलण्याचा विषयही तोच. नवऱ्याने निदान जेवणाच्या टेबलावर तरी नको म्हणून हात जोडले होते.

तो तुकडा निर्भेळ मिळावा म्हणून तिला वर्षानुवर्षं साबण न लागलेली कातडी हवी होती. आणि अशी कातडी थेट तिच्या माहेरच्या गावात चातुर्मासाला येऊन बसलेली! दीक्षेनंतर साध्वी अंघोळ करत नाहीत. सुप्रभाजींची दीक्षा मृदुलाच्या जन्माआधीची. लहानपणी तिला णमोकार मंत्र त्यांनीच शिकवला होता. घामाचा नमुना देण्याबद्दल त्या म्हणाल्या होत्या, बघू.

तेवढ्यात कालचं प्रवचन झालं.

ते अर्पिताजींचं पहिलंच प्रवचन होतं. त्यांनी मागच्या वर्षी, पन्नाशी उलटल्यावर दीक्षा घेतलेली. त्याआधी ब्लाउजपीसचं दुकान चालवायच्या. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनाही जपावं, असं त्या अडखळत सांगत होत्या. मृदुलाला राहवलं नाही. ती उभी राहिली.

“उच्छ्वासाने जीव मरू नयेत म्हणून तोंडाला मुहपत्ती बांधलीत, महासतीजी. पण कातडीला काय बांधणार? तुमच्या घामाच्या एकेका थेंबात लाखो जीव मरतात.”

हशा पिकला. अर्पिताजींचं उरलेलं प्रवचन झालंच नाही. मृदुलाने रात्री हा किस्सा नवऱ्याला फोनवर अर्पिताजींचा आवाज काढून सांगितला होता.

आज सकाळी वहिनीने सांगितलं, अर्पिताजींनी तेव्हापासून अन्नाला हात लावलेला नाही.

“आतल्या खिडकीशी बसलीये,” सुप्रभाजी म्हणाल्या. “हलत नाही.”

“का?”

“हललं की घाम येतो, म्हणते.”

दुसऱ्या कुणाचा पराक्रम असता तर मृदुला पोट धरून हसली असती. आता तिने हात जोडले.

“मिच्छामि दुक्कडम् म्हणायला आलेय मी. मनापासून क्षमा मागायला.”

“संवत्सरीला सगळ्यांची मागितली असशील ना?”

“तो मेसेज होता. झाडून सगळ्यांना पाठवला होता.”

“हं,” सुप्रभाजी म्हणाल्या. “मला फोन नाही.”

त्यांनी आणखी एक टाका घातला.

“ते तुझं औषध... भरपूर लावलं तर?”

“भरपूर लावून चालत नाही,” मृदुलाचा आवाज आपोआप वर्गात शिकवतानाचा झाला. “थोडं असलं तर जखम भरते. जास्त झालं तर आपल्याच चांगल्या पेशी मरायला...”

ती थांबली.

सुप्रभाजींनी दोरा तोडला.

“आत जा.”

अर्पिताजी भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या, हात मांडीवर, बोटसुद्धा न हलवता. मृदुला समोर बसली. काल तिने अर्धंच सांगितलं होतं, ते आता पूर्ण करायला लागली. अंगावर आधीपासून वस्तीला असलेले बरेचसे जंतू त्या घामातही सुखाने राहतात. कातडी फाटली, बाहेरचं काही आत शिरायला लागलं, तेव्हा तो तुकडा खरा धावून येतो. आणि हे सगळं शरीर आपलं आपण करतं. आपल्याला विचारत नाही, आपण नको म्हणून थांबतही नाही.

अर्पिताजींनी सगळं ऐकून घेतलं.

“हे काल माहीत होतं तुम्हाला?”

“हो.”

“मग?”

मृदुलाने खिडकीकडे पाहिलं. खिडकीत काही नव्हतं.

“हे सांगितलं असतं... तर कुणी हसलं नसतं.”

तिने वाकून जमिनीला कपाळ टेकवलं. वर यायचं धाडस होईना.

“दुकानात मीही गिऱ्हाइकांना असंच बोलायचे,” वरून आवाज आला. “एकीच्या रंगावर बोललं की बाकीच्या हसायच्या. माल खपायचा. उठा आता.”

अर्पिताजी स्वतःही उठल्या. गोचरीची, भिक्षेची वेळ झाली होती. पात्र झोळीत ठेवून, बरोबरच्या साध्वीमागून त्या अनवाणी उन्हात उतरल्या. फाटकापर्यंत पोचेस्तोवर त्यांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी तो पुसला नाही.

मृदुला परत सुप्रभाजींपुढे येऊन बसली. पर्समधली नमुन्यांची डबी काढली, उगाच उघडली, बंद केली.

“आता नमुना मागायला तोंड राहिलं नाही मला.”

“डबी तर काढलीस.”

“त्या पायांसाठी काढली. पाय कापायची वेळ आलीये काहींवर. माझं काय हो, मी तोंड लपवून जाईन पुण्याला... पण त्यांचं?”

“मग तुझा घाम दे ना.”

“माझा?” मृदुलाला रडताना हसू आलं. “माझा नाही चालत. फेसवॉश, क्रीम, वर पावडर. माझ्या कातडीवर माझं असं काही उरलेलंच नाही, महासतीजी.”

सुप्रभाजींनी सुई बाजूला ठेवली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. काजळ गालांवर उतरलं होतं. टिकली घसरून भुवईवर आली होती. कपाळापासून निघालेली घामाची धार हनुवटीवरून गळ्यात चालली होती.

“हा आतून आलाय,” त्या म्हणाल्या. “घे.”