वाकड्या ड्राइव्हची फ्लॉपी

“वाकडं आहे, हे तुम्हालाही दिसतंय ना, बाई?” तन्मयनं विचारलं.

त्याच्या हातात बारीक स्क्रूड्रायव्हर होता. पडवीतल्या टेबलावर एक जुना पोर्टेबल कॉम्प्युटर उघडा पडला होता. शिवणयंत्राच्या पेटीएवढा मोठा, वर उचलायला मूठ.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून पाहिलं. फ्लॉपी ड्राइव्हच्या मोटरवर कारखान्यात लावलेली लाल रंगाची खूण तुटून बाजूला सरकली होती.

“दिसतंय,” त्या म्हणाल्या. “वाकडं आहे.”

“मग सरळ करतो.”

“थांब.”

तन्मय थांबला. पण हात मागे घेतला नाही.

शकुंतला खानोलकर बाईंनी तंत्रनिकेतनात हयातभर इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. आता त्या सावंतवाडीत राहत. कुणाचं काही अडलं की माणसं त्यांच्या पडवीत येऊन बसत. तन्मय नाबर त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी. ते बाई जाणून होत्या, आणि तन्मय तर त्याहून जास्त जाणून होता. पुण्यात तो जुनी यंत्रं जिवंत करायचा. परदेशातून लोक त्याला मशीन पाठवत. त्याच्याकडे स्वतः जुळवलेला एक फ्लॉपी ड्राइव्ह होता. त्याच्याइतका सरळ ड्राइव्ह देशात दुसरा नसेल असं तो म्हणे, आणि ते खोटंही नसावं.

आजचं यंत्र मोंडकर आजींचं होतं. आजी देवबागहून आल्या होत्या आणि मघापासून बाकावर गप्प बसल्या होत्या. मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात ओल शोषायला तांदळाच्या पुरचुंड्या, आणि त्यांच्यामध्ये नीट लावून ठेवलेल्या फ्लॉप्या.

आजींचे यजमान शाळेत हेडमास्तर. किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडून त्यांनी नाव हाकणाऱ्या तांडेलांचे, दर्यावर्दी माणसांचे शब्द गोळा केले होते. वाऱ्यांची नावं, भरती-ओहोटीची नावं, जाळ्यांची, माशांची. भाच्यानं आखातातून हे यंत्र आणून दिलं, तेव्हापासून ते मोटरसायकलला मागे बांधून गावोगाव नेत आणि ऐकलेला शब्द तिथंच टाइप करत. इंग्रजी अक्षरांत मालवणी. ते शब्द सांगणारी माणसं आता राहिली नव्हती. गुरुजीही नव्हते. जे काही होतं ते त्या डब्यात होतं.

यंत्र मात्र सुरू होईना. ते सुरू व्हायला सिस्टिमची फ्लॉपी लागते. ती ड्राइव्हमध्येच राहून गेली होती आणि कोकणातल्या बुरशीनं तिला पार खाल्लं होतं.

तन्मयनं जंग जंग पछाडून फिनलंडच्या एका शौकीन माणसाकडून त्या सिस्टिमची नक्कल मिळवली. आपल्या सरळ ड्राइव्हवर नवी फ्लॉपी लिहिली. दुसऱ्या यंत्रात ती बिनचूक चालली. गुरुजींच्या यंत्रात घातली, तर नुसती घरघर. मग दुसरी लिहिली. तिसरी लिहिली… घरघर.

“दोष माझ्या फ्लॉपीत नाही,” तो म्हणाला. “फ्लॉपीवर गोल वाटा असतात, आजी. ड्राइव्हचं हेड, म्हणजे वाचणारा-लिहिणारा भाग, बरोबर वाटेवर उभं राहिलं तरच वाचता येतं. हे हेड वाटेच्या कडेला उभं राहतंय. स्क्रू सैल करायचा, हेड सरकवणारी मोटर केसभर फिरवायची, काम झालं.”

बाई आजींकडे वळल्या.

“गुरुजी हे यंत्र चालवत, तेव्हा काही त्रास द्यायचं का?”

आजींनी आठवून पाहिलं.

“सुरू करूक लय तरास होय तेंका,” त्या म्हणाल्या. “सारकी फ्लॉपी भायर काढीत, परत घालीत. शेवटाक तर खूपच.”

“आणि सुरू झाल्यावर? त्यांनी लिहिलेलं उघडायला?”

“तां नाय. तेंनी लिवलेलां झटक्यात उघडायचां.”

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. तन्मयकडे बघत राहिल्या.

… तन्मयचा चेहरा उतरत गेला.

बाहेरून आलेली फ्लॉपी या ड्राइव्हला जड जात होती. स्वतः लिहिलेल्या मात्र तो सहज वाचत होता. म्हणजे ड्राइव्ह वाकडा होता, आणि डब्यातली प्रत्येक फ्लॉपी त्याच वाकड्या हेडनं लिहिलेली होती. मोटर सरळ केली असती, तर यंत्र दिमाखात सुरू झालं असतं… आणि गुरुजींचा एकही शब्द त्याला धड वाचता आला नसता.

त्यानं स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. 

“मग काय करायचं, बाई? याला हात लावायचा नाही, आणि माझी फ्लॉपी तर हा वाचत नाही.”

बाईंनी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि पुन्हा त्याच्या हातात दिला. मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बोट दाखवलं.

तिथं तन्मयचा ड्राइव्ह होता, त्याच्या लॅपटॉपला जोडलेला.

“तो?”

“तो.”

“बाई, तो सरळ आहे!”

“म्हणून तर.”

“मी वर्षभर खपलोय त्याच्यावर… पुन्हा असा जुळेलच असं नाही.”

“नसेल.”

बाईंनी आग्रह केला नाही. आजी डब्याच्या झाकणावरून हात फिरवत होत्या.

तन्मयनं त्या हाताकडे पाहिलं. मग तो आपल्या ड्राइव्हजवळ गेला आणि स्क्रू सैल केला. लाडक्या जनावराच्या गळ्यातली दोरी सोडावी, तसं त्याला झालं.

“किती वाकडा करू? माप काय?”

बाईंनी आजींकडे हात पसरला. आजींनी डब्यातली एक फ्लॉपी दिली. चुकून तिच्यावर काही लिहिलं जाऊ नये म्हणून बाईंनी तिच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावली आणि फ्लॉपी तन्मयच्या ड्राइव्हमध्ये घातली.

“हे माप.”

फ्लॉपी फिरू लागली. लॅपटॉपच्या पडद्यावर नुसत्या चुकांच्या लाल ओळी. तन्मयनं मोटर कणभर सरकवली. लाल. आणखी थोडी. लालच… तो श्वास रोखून सरकवत राहिला. मग एका ओळीला हिरवा रंग आला. मग दोन. आणि मग पडदा वरपासून खालपर्यंत हिरवागार झाला.

“वाचतोय!” तन्मय ओरडला. “बाई, वाचतोय! सरळ यातूनच शब्द काढून घेऊ.”

बाईंनी नकारार्थी मान हलवली. पडद्यावर शब्द नव्हते. विस्कटलेल्या रांगोळीसारखी नुसती चिन्हं होती. गुरुजींच्या यंत्राची साठवायची रीत दुसरीच होती. ती उलगडणार तर त्या यंत्रातच.

तन्मयनं स्क्रू आवळला. आता गुरुजींच्या ड्राइव्हइतक्याच वाकड्या झालेल्या आपल्या ड्राइव्हमध्ये कोरी फ्लॉपी घातली आणि सिस्टिम नव्यानं लिहिली. या वेळी ती दुसऱ्या यंत्रात चालते का, हे त्यानं पाहिलं नाही. ती चालणार नव्हती, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही.

ती फ्लॉपी त्यानं गुरुजींच्या यंत्रात सरकवली आणि बटण दाबलं.

घरघर…

मग घरघर थांबली. एक टक्क असा आवाज झाला. दुसरा. आणि हेड ठेक्यात चालू लागलं.

पडदा हळूहळू उजळला. एक चौकोनी ठिपका लुकलुकला. मग पहिली ओळ आली, दुसरी आली, आणि यंत्र हुकमाची वाट बघत उभं राहिलं.

तन्मयनं अशी आरोळी ठोकली, की परसातल्या फणसावरचे कावळे उडाले. त्यानं बाईंचे दोन्ही हात धरले, सोडले, पुन्हा धरले. बाईही मोठ्यानं हसल्या; शिकवताना त्या कधी अशा हसल्या नव्हत्या.

“आजी, या! इथं बसा!”

आजी खुर्चीवर बसल्या. तन्मयनं गुरुजींची फ्लॉपी घातली. ती झटक्यात उघडली. शब्दांमागून शब्द पडद्यावर चढू लागले. आजी स्वतः बालवाडीत शिकवायच्या. गुरुजींची ती इंग्रजी अक्षरं त्यांना सवयीची होती. पडद्यावर बोट टेकवून त्या वाचू लागल्या.

“मतलई… जमनीवरसून दर्यात जाणारो वारो… सांगणार…”

त्या अडखळल्या.

“सांगणार, बाबलो कुबल, तांडेल.” त्यांनी मागे वळून पाहिलं. “माझो बापूस ह्यो.”

त्यांचे डोळे भरून आले, आणि तोंडभर हसू होतं. त्यांनी पदरानं डोळे टिपले, पुन्हा पडद्याकडे वळल्या आणि पुढचा शब्द आधीपेक्षा मोठ्या आवाजात वाचला. मग त्याच्या पुढचा. त्यांचा आवाज पडवी ओलांडून रस्त्यापर्यंत जाऊ लागला.

तन्मय बाईंच्या शेजारी उभा होता. त्याच्या मनात मात्र एक गोष्ट अजून सलत होती.

“बाई,” तो हळूच म्हणाला, “मग बरोबर कोण होतं? माझा ड्राइव्ह, की गुरुजींचा?”

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

“वाचन चाललंय… ऐक.”