टिटवीने पाहिलेलं पाणी

समुद्रातली कासवं आणि काठावरचे पक्षी एकमेकांशी बोलत असत, त्या काळची गोष्ट. एक आंधळी कासवीण अंडी घालायला किनाऱ्याकडे निघाली होती. वाटेत खडक होते, म्हणून तिने काठावरच्या टिटवीला हाक मारली, "टिटवीबाई, पाणी कसं आहे गं?"

"हलतंय!" टिटवी ओरडली.

कासवीण पुढे सरकली आणि एका लाटेसरशी खडकावर आपटली. पोटातल्या अंड्यांच्या काळजीने तिचा जीव घाबरा झाला, पण ती टिटवीवर रागावली नाही.

"नीट बघ," ती म्हणाली. "पाण्यावर नुसत्या सुरकुत्या असल्या तर तरंग म्हण. जागच्या जागी खालीवर होत असेल तर हेलकावे. आणि उंच उठून अंगावर आलं, तर लाट."

टिटवी पहिल्यांदाच पाण्याकडे टक लावून बघू लागली. "लाट आली मावशी, थांब! आता हेलकावे आहेत, अजून थांब. आता नुसते तरंग. ये, ये!"

कासवीण सुखरूप वाळूवर पोचली आणि अंड्यांसाठी जागा शोधत सरपटू लागली.

"मावशी," टिटवी हरखून म्हणाली, "तुझ्यामागे वाळूत केवढी नागमोडी वाट उमटलीय!"

कासवीण हसली. "नागमोडी! हा शब्द तर मी तुला शिकवला नव्हता."