गिधाडाच्या तीन हाका

एका जंगलात एक कोल्हा राहत असे. ही गोष्ट त्याची नाही. पण त्याच्यावाचून ती घडत नाही, म्हणून आधी त्याला उभा करतो. अंगाने सडपातळ, बोलायला गोड, आणि खाण्याच्या बाबतीत त्याला कसलाही विधिनिषेध नव्हता. त्याचा सख्खा भाऊ दरडीवरून पडून मेला, तेव्हा त्याने भावालाच खाल्लं आणि वर सांगत फिरला, "मी नसतं खाल्लं तर मुंग्यांनी खाल्लं असतं. घरातलं घरात राहिलं."

गोष्ट आहे ती एका कुत्र्याची. तो जंगलातला नव्हे. मेंढरांच्या एका कळपाबरोबर तो मुलूखभर हिंडत असे. कळपाचा मालक धुळाबा नावाचा म्हातारा धनगर. धुळाबाची एक रीत होती. भाकरी मोडली की पहिला तुकडा तळहातावर घ्यायचा, हात कुत्र्यापुढे धरायचा, आणि कुत्र्याने तो खाल्ला की मग स्वतः जेवायचं. जमिनीवर टाकलेला तुकडा त्या कुत्र्याने जन्मात खाल्ला नव्हता.

एका उन्हाळ्यात कळपातली एक मेंढी मागे राहिली. धुळाबाने आपल्या मुलाला, म्हाकूला सांगितलं, "कळप थांबवू नका. डोंगर ओलांडून पुढच्या तळावर जा. मी मेंढी घेऊन चार दिवसांत येतो."

म्हाकू म्हणाला, "आबा, या उन्हाचं एकट्याने कशाला?"

"एकटा कुठला? हा आहे की," असं म्हणून म्हाताऱ्याने कुत्र्याला शीळ घातली आणि काठी उचलली.

मेंढी काही सापडली नाही. दुपारी एका घळीत दोघांनी शेवटची भाकरी संपवली. पहिला तुकडा कुत्र्याला, बाकीची म्हाताऱ्याला. मग धुळाबाला भोवळ आली. तो करंजाच्या सावलीला टेकला, घोंगडी डोक्याखाली घेतली आणि म्हणाला, "जरा पडतो रे." तो उठलाच नाही. कुत्रा दिवस मावळेपर्यंत वाट बघत बसला. मग त्याला कळलं. कुत्र्यांना ते कळतं, कोणी सांगावं लागत नाही.

आता त्या जंगलातली गिधाडांची रीत सांगतो. मुलांनो, इथे नीट ऐका, पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे. मेलेलं काही दिसलं की गिधाडांचा थवा एकदम उतरत नसे. थोरलं गिधाड आधी एकटंच खाली येई, घिरटी घेई आणि तीन हाका देई, "हे कोणाचं?" तिन्ही हाकांना उत्तर आलं नाही, तर ते बेवारस. मग थवा उतरे, आणि गिधाडांमागून कोल्हे, तरस, कावळे. पण एकाने जरी "माझं" म्हटलं, तर त्या दिवशी कोणी खाली येत नसे. दुसऱ्या सकाळी पुन्हा तीन हाका. आणि आणखी एक कलम होतं. "माझं" म्हणणाऱ्याने स्वतः त्याला एकदा दात लावला, की त्याची राखण संपली. मग तो इतरांसारखाच एक खाणारा. ही रीत सगळे पाळत, कारण न पाळणाऱ्याच्या डोळ्यावर थोरल्या गिधाडाची चोच बसे.

दुसऱ्या दिवशी ऊन तापलं तशी घळीत सावली फिरली. थोरलं गिधाड खाली आलं. मानेवरची पिसं झडलेली, आवाज खरखरीत. "हे कोणाचं?"

"माझं," कुत्रा म्हणाला.

"माणूस तुझा?"

"मी त्याचा. एकच आहे."

गिधाडाने मान हलवली आणि ते वर गेलं. करवंदीच्या जाळीतून हे सगळं ऐकत बसलेला कोल्हा मात्र बाहेर आला. दहा पावलं लांब बसला. त्याहून जवळ यायची त्याची छाती नव्हती. मेंढरं राखणाऱ्या कुत्र्याचे दात त्याच्या घराण्याला ठाऊक होते.

"दादा," कोल्हा म्हणाला, "वाईट झालं. तू असा बसून काय करणार? जा, त्याच्या माणसांना बोलावून आण. तोवर मी बसतो इथे."

"तू बसशील?"

"माझ्यासारखा बसणारा तुला मिळायचा नाही."

"तुझ्या भावाजवळ बसला होतास, तसाच ना?" कुत्रा म्हणाला.

कोल्हा हसला. "भावाचं तुलाही कळलं म्हणायचं. जंगलात काही लपत नाही बुवा."

कुत्रा जागचा हलला नाही. डोंगरापलीकडे जाऊन यायला दोन दिवस लागणार हे त्याला ठाऊक होतं. उद्या सकाळी हाक आली आणि उत्तराला कोणी नसलं, तर म्हाताऱ्याचं मांस व्हायचं. प्यायला पाच पावलांवर डबकं होतं, तेवढ्यावर तो राहिला. खायला काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी गिधाड आलं, तेव्हा कुत्र्याने बसूनच उत्तर दिलं. उभं राहायला अंगात त्राण नव्हतं. गिधाडाला ते दिसलं. ते समोरच्या खडकावर टेकलं.

कुत्र्याने विचारलं, "बाबा, तुम्ही माणूस खाल्ला आहे का?"

"खाल्ला आहे. इथून फार दूर, एका मुलखात. तिथली माणसं आपला मेलेला माणूस स्वतः उंचावर आणत. आमच्यापुढे ठेवत, हात जोडत आणि मागे न बघता निघून जात. तिथे मी खाली मान घालून खाल्लं. त्यात पाप नव्हतं, त्यांनी दिलं होतं. पोरा, मांस इथूनतिथून सारखंच असतं. कोणी दिलं आणि कोणी लाटलं, एवढाच काय तो फरक."

गिधाड उडून गेलं. कोल्ह्याने मात्र त्या बोलण्यातलं आपल्या सोयीचं तेवढं उचलून ठेवलं. थोड्या वेळाने तो पुन्हा दहा पावलांवर येऊन बसला.

"दादा, म्हातारं गिधाड शहाणं आहे. दिलेलं खावं म्हणालं. मग या धनगराने तुला आयुष्यभर दिलंच की. आज त्याला बोलता आलं असतं, तर तो काय म्हणाला असता? माझा कुत्रा उपाशी मरू दे, असं म्हणाला असता का?"

 धुळाबा तसं म्हणाला नसता, हे कुत्र्याला पक्कं ठाऊक होतं.

"आणि त्याला आता काय कळतंय?" कोल्हा पुढे म्हणाला. "हे करंजाचं खोड आणि तो, दोन्ही सारखंच."

"त्याला कळत नाही," कुत्रा म्हणाला. "मला कळतं."

"कळण्याने पोट भरतं का?"

"नाही भरत."

"मग?"

"मग काही नाही. तो देताना हात पुढे करायचा. आज त्याने हात पुढे केलेला नाही."

कोल्हा उठून गेला. पण फार लांब गेला नाही. उपाशी असलेल्याची राखण आपोआप सुटते, असा त्याचा अनुभव होता. एकदा दात लागू दे, मग पुढची वाट मोकळी.

चौथ्या दिवशी सकाळी कुत्र्याच्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. तो सरकत सरकत म्हाताऱ्याच्या उजव्या हाताशी गेला आणि तिथे डोकं टेकून पडला. तो हात उताणा होता. तळव्याला अजून ज्वारीच्या भाकरीचा आणि मेंढीच्या लोकरीचा वास येत होता. कुत्र्याने डोळे मिटले. त्याला वाटलं, भाकरी मोडली आहे, हात पुढे आला आहे. त्याची जीभ तळव्याला लागली. एकदा, आणि मग पुन्हा.

"तोंड लावलं," जाळीतून कोल्हा ओरडला. "अहो, तोंड लावलं त्याने. राखण संपली. उतरा सगळे."

थवा खाली झुकला. थोरल्या गिधाडाने पंख पसरून त्याला अडवलं आणि ते एकटंच उतरलं. कोल्हाही हुरूप येऊन पुढे आला, दहाची आठ पावलं झाली.

"तू खाल्लंस?" गिधाडाने विचारलं.

कुत्र्याने मोठ्या कष्टाने डोकं उचललं. "चाटलं. भाकरीचा वास आला म्हणून चाटलं."

"आणि पुढे?"

"पुढचं मला सांगता येत नाही. तुम्ही आला नसता, तर दात लागले असते की नाही, ते मला ठाऊक नाही."

"ऐका," कोल्हा म्हणाला. "स्वतःच्या तोंडाने कबूल करतो आहे."

गिधाडाने आपलं लांब डोकं वाकवलं. तळवा पाहिला, बोटं पाहिली, मनगट पाहिलं. ओल होती, खूण नव्हती.  त्याच्यामागे तीसेक पोटं भुकेली होती, आणि ते स्वतःही तीन दिवस घिरट्या घालत होतं.

मग ते म्हणालं, "दात लागला की खाणं. जीभ लागली तर ते रडणं. हातावर दात दिसत नाही. आणि पुढच्या क्षणाचा न्याय मी करत नाही, तसा केला तर जगात कोणीच सुटायचं नाही." मग त्याने कोल्ह्याकडे मान वळवली. "कोल्ह्या, तू साक्ष द्यायला आला नव्हतास, जेवायला आला होतास. दहा पावलं मागे हो."

कोल्हा वीस पावलं मागे गेला. गिधाड वर गेलं आणि उडता उडता नेहमीसारखी हाक दिली, "हे कोणाचं?" कुत्र्याने उत्तर दिलं. आवाज फुटला नाही, नुसतं तोंड हललं. गिधाडाने ते मान्य केलं.

इकडे डोंगरापलीकडच्या तळावर त्याच पहाटे हरवलेली मेंढी एकटीच येऊन उभी राहिली. मागे ना म्हातारा, ना कुत्रा. म्हाकू आणि त्याची बायको सगुणा तशीच निघाली. खिंडीत पोचल्यावर म्हाकूने आभाळाकडे पाहिलं आणि तो मटकन खाली बसला. घळीवर गिधाडं फिरत होती.

सगुणा त्याच्या शेजारी उभी राहून बघत राहिली. ती लहानपणापासून मेंढरांमागे हिंडलेली बाई. ती म्हणाली, "अहो, उठा. गिधाडं फिरतायत, पण उतरत नाहीत. तिथे कोणीतरी राखण करतंय."

दोघं घळीत उतरली. म्हातारा होता तसाच होता, घोंगडी डोक्याखाली, काठी शेजारी. अंगावर ओरखडा नव्हता. म्हाकूने तोंड फिरवून डोळे पुसले. सगुणाने गाठोडं सोडलं आणि भाकरी मोडून कुत्र्यापुढे ठेवली. कुत्र्याने भाकरीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"खात का नाही हा?" म्हाकू म्हणाला. "मरायला टेकलाय."

सगुणाला आठवलं. तिने तुकडा उचलला, तळहातावर ठेवला आणि हात पुढे केला. कुत्र्याने खाल्लं.

धुळाबाला त्यांनी करंजाखालीच माती दिली आणि वर दगड रचले, कोल्ह्याला उकरता येणार नाहीत इतके मोठे. शेवटचा दगड ठेवून झाला तेव्हा आभाळात एकही गिधाड नव्हतं.

वर्ष गेलं. पुढच्या उन्हाळ्यात कळप पुन्हा त्याच वाटेने आला. घळीच्या तोंडाशी, करवंदीच्या जाळीजवळ कोल्हा मरून पडला होता. त्याच्या आसपास कोणी नव्हतं. आपलं म्हणायला त्याने कोणाला उरूच दिलं नव्हतं.

थोरलं गिधाड खाली आलं. "हे कोणाचं?"

कळप पुढे सरकत होता. कुत्रा थांबला.

"हे कोणाचं?"

कुत्र्याच्या मनात आलं, म्हणावं का माझं? एका शब्दाचं तर काम आहे. गिधाडही घिरटी लांबवून त्याच्याकडे बघत होतं. पण राखण खोट्या शब्दावर होत नाही, आणि कोल्हा त्याचा नव्हता. कोल्हा कोणाचाच नव्हता.

"हे कोणाचं?"

रानात वाऱ्याचा आवाज तेवढा आला. म्हाकूने पुढून शीळ घातली. कुत्रा वळला आणि कळपामागे चालू लागला. त्याच्या पाठीमागे पंखांची फडफड झाली. त्याने मागे पाहिलं नाही.

तात्पर्य : ज्याला "माझा" म्हणणारा कोणी मागे उरतो, तो मेला तरी मांस होत नाही. म्हणून भूक कितीही लागो, आपल्या माणसाला खाऊ नये, जिवंतपणी नाही आणि मेल्यावरही नाही.