सुगरणींची गाठ

खरं तर ही गोष्ट मी कोणालाच सांगायची नव्हती. आमच्या विहिरीवरच्या सुगरणीला मी तसं वचन दिलं आहे. पण तुम्ही कुठे बोलणार नाही, म्हणून सांगते.

एका जंगलात, तळ्याकाठच्या बाभळीवर बत्तीस सुगरणी राहत असत. त्यांना गवताच्या पातीची एक खास गाठ येई. ओढली की ती आणखी घट्ट होई. दुसऱ्या कोणालाही ती जमत नसे. वरून सगळ्यांची गाठ सारखीच दिसे. आतला वळसा मात्र प्रत्येकीचा निराळा. तो फक्त थोरल्या सुगरणीलाच ओळखता येई.

तळ्याचा कारभारी होता तरस. त्याने दूरच्या गुहेतल्या सिंहाला सांगितलं, "महाराज, तळं आटलं," आणि सगळं पाणी एकट्याने बळकावलं. ससे, हरणं तहानेने कासावीस झाली. "जी चुगली करील, तिचं घरटं फांदीसकट मोडीन," असं त्याने सुगरणींना बजावलं. घरट्यांत पंख न फुटलेली पिल्लं होती.

तरीही एका सकाळी सिंहाच्या गुहेपुढे हिरवागार, ओला लव्हाळा पडलेला दिसला. त्याला एक गाठ होती. सिंहाने ती ओढली, तर घट्ट झाली!

"ही सुगरणींचीच गाठ. म्हणजे तळ्यात पाणी आहे!" सिंह म्हणाला आणि त्याने बत्तीस जणींना बोलावलं.

"पण यांतली कुठली? नाव कळू दे!" तरस गुरगुरला.

थोरली शांतपणे म्हणाली, "बातमी खोटी निघाली, तर गाठ सोडवून नाव मी सांगेन. आधी तळं बघा, महाराज."

एकीचं काळीज धडधडत होतं. पण बत्तीस जणी एकदम किलबिलत होत्या, म्हणून ते कोणाला ऐकू गेलं नाही.

तरस धावत जाऊन एका वाळक्या लव्हाळ्याला स्वतःच गाठ मारून घेऊन आला. "हा बघा, सुगरणींनीच दिलाय. तळं आटल्याची खूण!" सिंहाने ओढताच गाठ सुटली.

"कारभारी, आधी आपल्या शेपटीवर सराव करा!" माकड खिदळलं.

सिंहाने तळं पाहिलं, तर ते काठोकाठ भरलेलं! तरसाला जंगलातून हाकललं. मग काय, ससे पाण्यात डुंबले, हरणांनी एकमेकांवर पाणी उडवलं आणि माकडाने तर चार उड्या मारल्या. थोरलीने तो हिरवा लव्हाळा गाठ न सोडवताच पाण्यात सोडून दिला.

तात्पर्य : सगळ्यांची खूण खरी असली, की खरं बोलणाऱ्या एकटीला नाव सांगावं लागत नाही. पण ती गाठ कोणी मारली, ते फक्त तुम्हाला सांगते हं. ती होती सगळ्यांत खालच्या फांदीवरची…

आले गं आई!