अखंड तारेचं तोरण

फार फार मागे, नदीकाठच्या एका गावात, एका मुलीला आधी एवढंच खटकलं, की टपटप थांबली होती.

ही मुलगी गावच्या धातू कातणाऱ्या काताऱ्याची पुतणी. पाणचक्कीच्या जोरावर धातूचा दांडा गरगर फिरायचा, काका त्याला हत्यार टेकवायचे आणि सोललेला कीस तुकड्यातुकड्यांनी खाली टपटप पडायचा. आज दांडा होता चिवट पोलादाचा. गावच्या रहाटाचा आस मोडला होता, तो नवा घडवायचा होता.

पण हा कीस तुटेचना. त्याची लांबच लांब तार निघत राहिली. निळसर, झळझळीत, वस्तऱ्यासारखी धारदार.

"काका, हत्यार जरा उचला ना. तार तुटू दे."

"तोडू? वेडी की काय!"

त्या कारखान्याची रीतच होती. सगळ्यांत लांब, न तुटलेली तार दारावर तोरणासारखी टांगायची. ज्याची तार लांब, त्याचा हात साफ.

"माझ्या बाबांच्या तारेहून लांब जाणार ही, बघच तू!"

"पण ती दांड्याला गुंडाळतेय."

"तू मांजर शिंकलं तरी दचकतेस, भागूबाई!"

ते खरंच होतं. म्हणून ती दोन पावलं मागे सरून तारेकडे बघत राहिली.

तार गुरफटत गेली, घरट्याएवढी झाली, फडफडू लागली. एवढ्यात तिचं टोक काकांच्या उपरण्यात अडकलं. उपरणं दांड्याकडे ओढलं जाऊ लागलं, आणि उपरण्याबरोबर काकांची मान.

"पाणी तोडा! फळी पाडा!" मुलगी चक्कीला पाणी आणणाऱ्या पाटाकडे तोंड करून किंचाळली.

पाटाची फळी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याने मानही वळवली नाही. "आज काय दिसलं गं? पाल?"

"पाल नाही हो! माझे काका अडकले!"

धाडकन फळी पडली. चाक थांबलं. उपरण्याची चिंधी झाली होती. मान तेवढी वाचली.

काकांनी आकड्याने ती तार ओढून काढली आणि दारावरचं जुनं तोरणही उतरवलं.

"बाबांच्या डाव्या हाताला बोटं कमी का होती, ठाऊक आहे? हे तोरण लावलं, त्याच दिवशी गेली ती." त्यांनी हत्यार हातात घेतलं. "आता कधी उचलायचं ते तू सांग. दचकलीस की ओरड."

पाणी सुटलं, दांडा फिरू लागला. तार वीतभर होते न होते, तोच मुलगी दचकली.

"काका, उचला!"

"उचललं गं!"

आणि कीस टपकन खाली पडला.

न तुटण्याचा तोरा गळ्याशी येतो. वेळेवर तोडतो, तोच काम तडीस नेतो.