कानातली आई

एकदा काय झालं, एका मुलीच्या कानात तिची आई राहायला आली.

खरीखुरी आई नाही हं रेवा, आईचा आवाज. पाय आत घे, सांगते.

मुलीचं नाव हौसा. माय-लेकी दोघी कुंभारणी. हौसाची आई असे रांजण घडवायची की वैशाखातसुद्धा पाणी गारेगार. आणि हात चालू तसं तोंडही चालू. "हौसे, मातीवर ओलं फडकं टाक." "हौसे, कच्चं मडकं उन्हात नको, सावलीत ठेव." "हौसे, आवा निवू दे, घाई नको." आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी, बरं का. आणि सगळं सांगून झालं की, "हौसे, जेवलीस का?"

मग एक दिवस राजानं दवंडी पिटवली. वाटसरूंसाठी राजवाड्यापुढे पाणपोई घालायची, मोठ्ठा रांजण हवा. आईचे गुडघे धरलेले, म्हणून हौसा निघाली. आई ओढ्यापर्यंत आली, सांगत सांगत. हौसानं ओढ्यात पाय घातला, आई काठावर राहिली. हौसा म्हणाली, "सुटले बाई!"

तर डाव्या कानात कोण बोललं?

"हौसे, दगड निसरडे आहेत. बघून."

हौसा राजधानीत पोचली. राजा म्हणाला, "पोरी, तीनदा करून बघ. तिन्ही वेळा फुटला, तर तू तुझ्या गावी." हौसा कामाला लागली. पण कान काही गप्प बसेना. डोक्याला तेल लाव. कोपऱ्यावरचं पाणी पिऊ नकोस. हौसा भर रस्त्यात ओरडायची, "हो गं, कळतं मला!" आणि लोक वळून बघायचे.

माझी आई ही गोष्ट सांगायची तेव्हा इथे एक राक्षस यायचा. मी तो काढून टाकला. तुम्हाला भीती वाटली असती की नाही, ठाऊक नाही. मला वाटायची.

तर राक्षस नाही. बाजारात एक म्हातारी बसायची, कानातला मळ काढून द्यायची. हौसा तिच्यापुढे जाऊन बसली. "आजी, माझ्या कानातून आई काढ."

"काढते," म्हातारी म्हणाली. "पण परत घालता येत नाही हं. आधीच सांगते."

"नकोच घालूस."

म्हातारीनं कोरणी फिरवली, आणि कानातून आला एक मोहरीएवढा दाणा. सोन्यासारखा लकलक. म्हातारीच्या तळहातावर बसून म्हणतो कसा, "अगं, जपून! कानाला लागेल!" हौसाला असं हसू आलं, असं हसू आलं! आ करून हसली. तेवढ्यात वारा आला आणि दाणा उडाला. कुठे गेला? म्हातारीनं बघितलं, पण बोलली नाही.

मग काय, शांतता! हौसा गाणं म्हणत मुक्कामावर आली. माती मळून ठेवली आणि झोपली. फडकं टाक म्हणायला कोण होतं? सकाळी बघते तर माती कडक. तसाच रांजण घडवला, तो चाकावरच फाटला.

मग दुसरा केला. छान झाला. वाळवायला ठेवला कुठे? उन्हात! दुपारपर्यंत पोटाला ही भेग.

मग हौसा घाबरली. तिसरा केला, अगदी जिवापाड जपून. आव्यात रचला, आवा पेटवला. जाळ विझला, वर राख साचली. आणि आता हौसाला आठवेना. लगेच उघडायचा, की थांबायचं? तिनं कानावर हात धरला. "आई, बोल ना." कान गप्प. धावत म्हातारीकडे गेली. म्हातारीनं मान हलवली. "सांगितलं होतं ना बाळ, परत घालता येत नाही."

हौसा परत आली तर आव्यापाशी ही गर्दी! राजा, राणी, शिपाई आणि चिमुकला राजपुत्र. राजा म्हणाला, "पोरी, उघड बघू. वाटसरू तहानलेत."

हा फुटला तर गावी कोणत्या तोंडानं जायचं? तिनं राख उकरायला काठी उचलली. तेवढ्यात राजपुत्र आईचा हात सोडून पळाला. थेट आव्याकडे! शिपाई म्हणाले, "युवराज, आपण तिकडे जाण्याची तसदी घेऊ नये." युवराज कसले थांबतात!

आणि एकदम कुणीतरी कडाडलं, "ए गाढवा! मागे हो! आवा निवू दे, घाई नको!"

राजपुत्र जागच्या जागी बसला. राजपुत्राला गाढव? हौसानं तोंडावर हात ठेवला. ओरडली तीच होती. पण आवाज तिचा नव्हता.

राजपुत्राचा ओठ थरथरला. तर हौसाच्या तोंडून तोच आवाज, पण मऊ, "उगी, उगी. जेवलास का रे?"

"नाही," राजपुत्र म्हणाला. आणि खरंच, रांजण बघायच्या घाईत त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

राजा रागानं लाल झाला होता. पण राणी पदरानं डोळे पुसत हसली. "माझी आईपण मला गाढवच म्हणायची," ती म्हणाली. "महाराज, बसा. निवू दे तो आवा."

मग राजा बसला. राजपुत्र भाकरी खात बसला. आवा सावकाश, सावकाश निवला. हौसानं रांजण बाहेर काढला, बोटानं वाजवला, टण्ण! कुठे म्हणून भेग नाही.

हौसा म्हातारीकडे पळाली. "आजी, आई सापडली! पण ती माझ्या तोंडात कशी गेली?"

"हसताना आ केला होतास ना? तेव्हाच गिळलीस," म्हातारी म्हणाली. "कानातली काढता येते गं. गळ्यातली माझ्याच्यानं निघत नाही. माझी तरी कुठे निघाली?"

मग राजानं गाडी पाठवून हौसाच्या आईला आणवलं. आईनं रांजणाभोवती फेरी मारली. म्हणाली, "काठ जरा जाड झालाय." मग ओंजळभर पाणी प्यायली, आणखी एक ओंजळ प्यायली. मग लेकीकडे बघितलं, आणि दोघी एकदमच म्हणाल्या, "जेवलीस का?"

रांजणातलं पाणी गार राहिलं, वाटसरूंची तहान भागली, माय-लेकी एकमेकींना सांगत सांगत सुखानं राहिल्या. आपणही राहू. चला, डोळे मिटा आता. पाणी प्यायलात? शू करून आलात?

हसताय काय? आ करून हसू नका, सांगून ठेवते.

बरं, हसा.