पंधरा पट्ट्यांचा देवमासा

समुद्राकाठच्या एका गावात एक बालवाडी होती, आणि त्या बालवाडीत एकच बाई होत्या. मुलं मात्र चाळीस. चाळीस मुलांची नाकं पुसायची, भांडणं सोडवायची, खिचडी शिजवायची, वाढायची आणि शिवाय रजिस्टरही भरायचं. बाई सकाळी कुलूप उघडायच्या तेव्हाच दमलेल्या असायच्या. कालचा शीण अजून गेलेला नसायचा आणि आजचा दारात येऊन उभा असायचा.

बाई वाईट होत्या असं त्या गावात कुणी म्हणालं नसतं. त्या कधी मुलांवर हात उगारत नसत. फक्त प्रत्येक काम कधी एकदा उरकतं असं त्यांना झालेलं असायचं. मूल काही सांगायला आलं की त्या हातातलं काम न थांबवता म्हणायच्या, "छान, छान. जा, बस जागेवर." मुलालाही तेवढं पुरायचं. निदान बाईंना तसं वाटायचं.

दरवर्षी नौका मासेमारीला बाहेर पडल्या की बाई मुलांना देवमासा रंगवायला देत. छापील चित्रं मिळण्याची सोय नव्हती. दुकानातून फुकट मिळालेली कॅलेंडरं त्या वर्षभर जपून ठेवत आणि पानांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने देवमासा काढत. मोठं डोकं, बारकासा डोळा, दोन पाकळ्यांची शेपूट आणि गळ्यापासून पोटापर्यंत गेलेल्या लांब पट्ट्या. पट्ट्या बरोबर पंधरा. इतकी वर्षं काढून हाताला तेवढ्यांचीच सवय झाली होती. असे चाळीस देवमासे काढायचे. पहिले दहा-बारा हसरे यायचे, शेवटचे सगळे पेंगुळलेले.

त्या वर्षीही चाळीस पानं वाटली गेली आणि मेणाच्या खडूंचा डबा मध्ये ठेवला गेला. मुलं तुटून पडली. कुणी देवमासा लाल केला, कुणी हिरवा. एकाने त्याला मिशा काढल्या आणि वर "हा माझा मामा" म्हणून सगळ्यांना दाखवत फिरला. दोन-तीन दिवसांत बहुतेकांचे देवमासे भरून झाले.

एका मुलीचा तेवढा राहिला. ती रोज आपलं पान काढायची, निळा खडू घ्यायची, एकच पट्टी भरायची. अगदी सावकाश, जीभ बाहेर काढून, रेघेच्या बाहेर जराही न जाता. मग खडू डब्यात ठेवून हाताची घडी घालून बसायची.

"अगं, भर की पुढची," बाई म्हणायच्या.

"आज एवढीच," मुलगी म्हणायची.

सातव्या दिवशी दुपारी निरोप आला, उद्या तालुक्याहून मोठ्या बाई तपासणीला येणार. मुलं घरी गेली होती. बाईंनी झाडून घेतलं, पातेली घासली आणि भिंतीवर दोरी बांधून एकेक देवमासा टांगायला घेतला. एकोणचाळीस झाले. चाळिसाव्याच्या पोटावर सात पट्ट्या निळ्या आणि बाकी सगळा पांढरा.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मोठ्या बाई काय म्हणणार ते त्यांना पाठ होतं. हे अर्धवट का? मुलाकडे लक्ष नाही का तुमचं? बाईंचे पाय दुखत होते, कंबर धरली होती. पोरीचं तरी वाईट कशाला दिसू द्या, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि डब्यातून तोच निळा खडू उचलला. उरलेल्या आठ पट्ट्या, पाठ, डोकं, शेपूट, सगळं दहा मिनिटांत भरून टाकलं आणि चाळिसावा देवमासा दोरीला लावला.

"झालं एकदाचं," बाई म्हणाल्या आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आली. दोरीकडे तिची नजर गेली आणि ती जागच्या जागी उड्या मारायला लागली. "भरला! बाई, भरला!" एवढं ओरडून ती आली तशी दाराबाहेर पळाली. बाईंना वाटलं, आईला दाखवायला बोलवायला गेली असेल. पोरगी खूश झाली म्हणून त्यांनाही जरा बरं वाटलं.

तासाभराने मुलीची आई आली, एकटीच, धापा टाकत.

"बाई, पोर धक्क्यावर जाऊन बसलीय. हलतच नाही. बाबा आज येणार म्हणते."

"आज? नौका आज येणार आहे का?"

"कुठली येते! पंधरा दिवसांची फेरी असते. आज आठवा दिवस." आईने पदराने घाम पुसला. "काय सांगू बाई, तो गेला तेव्हा पोरीने रडून रडून घर डोक्यावर घेतलं. माझा जीव आधीच टांगणीला. तिने तुमचा मासा दाखवला, मी पट्ट्या मोजल्या, पंधराच होत्या. म्हटलं, रोज एक भर, सगळ्या भरल्या की बाबा आला. तेव्हापासून गप्प होती. तुम्हालाही सांगितलंय म्हणाली."

सांगितलं होतं. बाईंना आता आठवलं. पहिल्याच दिवशी मुलगी टेबलापाशी येऊन काहीतरी बाबाबद्दल बोलली होती. बाई तांदूळ निवडत होत्या. "छान, छान," असं म्हणाल्या होत्या.

"तुम्ही जरा पोरांपाशी बसा," बाई आईला म्हणाल्या. "मी आणते तिला."

मुलगी धक्क्याच्या टोकाला जाळ्यांच्या ढिगावर बसली होती. समोर समुद्र मोकळा होता. एकही नौका नव्हती. बाई तिच्याशेजारी बसल्या. खरं सांगितलं तर पोरीच्या मनातून उतरणार. आणि पाच वर्षांच्या मुलाला काय, काहीही सांगितलं तरी चालतं.

"अगं," बाई म्हणाल्या, "तो देवमासा आहे ना, त्याने स्वतःच स्वतःला भरून घेतलं. गंमत केली त्याने."

मुलीचे डोळे चमकले. "मग त्यालाच घाई झाली असेल. तो बाबाला आणायलाच गेला असेल! मी इथेच बसते. बाई, तुम्ही पण बसा."

बाई बसून राहिल्या. ऊन चढलं. त्यांनी पाणी आणून दिलं तर मुलगी पिईना. पाणी पिताना मान वर करावी लागते आणि तेवढ्यात नौका येऊन गेली तर? दूर काही दिसलं की ती उठून उभी राहायची आणि ते काहीच नाही असं कळलं की पुन्हा बसायची. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा ती उठली तेव्हा बाईंना ते बघवेना.

"तो मीच भरला गं," त्या म्हणाल्या. "देवमाशाने नाही. काल दुपारी मी भरला."

मुलगी वळली. "का?"

"मी दमले होते. मला ते संपवायचं होतं."

मुलीचा चेहरा आवळला आणि ती रडायला लागली, मोठ्याने, धक्क्यावरच्या बायका टोपल्या खाली ठेवून बघायला लागल्या इतक्या मोठ्याने.

"तुम्ही माझ्या बाबाला खोटं खोटं आणलंत!"

बाईंनाही रडू आलं. बायकांच्या समोर आलं, तरी त्यांनी ते लपवलं नाही.

बालवाडीत परत आल्यावर बाई म्हणाल्या, "मी तुला नवा देवमासा काढून देते."

"नको. नव्यात परत पंधरा. बाबा परत पहिल्यापासून जाईल."

"बरं, आठच पट्ट्या काढते."

"मग मी भरलेल्या सात कुठे जातील?"

तेही खरंच होतं. एवढ्यात मोठ्या बाईंचा निरोप आला की आजची तपासणी रद्द, पुढच्या आठवड्यात बघू. म्हणजे काल एवढी घाई केली ती कुणासाठी, हेही कळेनासं झालं.

मुलं गेल्यावर बाईंनी चाळिसावा देवमासा खाली काढला, ब्लेड घेतलं आणि मेण खरवडायला बसल्या. मुलगी समोर राखणीला बसली होती, आपल्या सात पट्ट्यांना धक्का लागू नये म्हणून. भरायला दहा मिनिटं लागली होती, खरवडायला सबंध दुपार गेली. बोटं आखडली, कागद एका जागी फाटला, त्याला मागून चिकटपट्टी लावावी लागली. पूर्ण पांढरा तो काही झालाच नाही, फिकट निळसर राहिला. मुलीने तो हातात घेऊन नीट तपासला.

"चालेल," ती म्हणाली आणि आठवी पट्टी भरली. खरवडलेल्या कागदावर रंग धरत नव्हता, म्हणून तिने दोनदा घासला.

पुढे रोज एक. नववी, दहावी, अकरावी. आता ती पट्टी भरत असली की बाई हातातलं बाजूला ठेवून शेजारी बसायच्या. खिचडीला थोडा उशीर व्हायचा. झाला तर झाला.

पंधराव्या दिवशी पंधरावी पट्टी भरली गेली आणि नौका आली नाही.

सोळाव्या दिवशी मुलीची आई तिला सोडायला आली. तिचे डोळे सुजलेले होते. ती दारातच बाईंच्या कानाशी पुटपुटली, "तिकडे वारा सुटलाय म्हणतात. हिला काय सांगू?" बाईंना तरी काय माहीत! नेमक्या त्याच दिवशी मोठ्या बाई आल्या. दोरीवरून नजर फिरवत त्या टेबलापाशी थांबल्या. तिथे मुलगी आपलं पान पुढ्यात घेऊन बसली होती.

"हे असं खराब कसं झालं? आणि पूर्ण का नाही?"

बाईंना एक वाक्य पुरलं असतं. लहान आहे, तिनेच खराब केलं, असं म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं?

"खराब मी केलं," बाई म्हणाल्या. "आणि पूर्ण ती करेल, तिचं झालं की."

मोठ्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. चांगलं नक्कीच लिहिलं नसणार.

मुलगी कागदाकडे बघत होती. पट्ट्या तर संपल्या होत्या. आता ती काय विचारते म्हणून बाई तिच्याजवळ गेल्या. मुलीने पान फिरवून घेतलं, खडू उचलला आणि शेपटीची एक पाकळी भरली.

"अजून ही आहे की," ती म्हणाली आणि दुसऱ्या पाकळीवर बोट ठेवलं. "ही उद्याला."

दुसऱ्या दिवशी तिने ती पाकळी भरली. तिसऱ्या दिवशी पाठीचा एक तुकडा. एकोणिसाव्या दिवशी, डोकं अजून कोरं असताना, नौका धक्क्याला लागली. शीड फाटलेलं, माणसं काळवंडलेली, पण सगळी होती. मुलगी बाबाच्या मानेला जी चिकटली ती दोन दिवस सुटली नाही.

महिन्याभराने ती सकाळीच टेबलापाशी आली. हातात कॅलेंडरचं एक जुनं पान होतं, घरून आणलेलं.

"बाई, देवमासा काढून द्या. बाबा उद्या जाणार आहे."

बाईंनी तांदळाचं ताट बाजूला सारलं. "पट्ट्या किती काढू?"

"तुम्हीच ठरवा. लांब जायचंय म्हणाला."

बाईंनी पेन्सिलीला टोक केलं आणि पोटावर मावतील तेवढ्या पट्ट्या काढल्या.

तात्पर्य: आपण दमलो म्हणून दुसऱ्याचं राहिलेलं काम परस्पर उरकून टाकू नये, ते का राहिलं आहे, हे आधी त्यालाच विचारावं आणि तो सांगेल ते नीट ऐकावं.